हरिपूरच्या एका पेंवाचा जीर्णोद्धार : परीक्षण

आमच्या त्रैमासिकांत ग्रंथांचीं परीक्षणें येतात, ताम्रपटांचीं वाचनें येतात, क्वचित् एखाद्या देवळाच्या डागडुजीवर दोन शब्द लिहिले जातात. जमिनींतल्या खड्ड्याचें परीक्षण येथें कधीं आल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. तेव्हां आरंभींच सांगितलेलें बरें कीं, ज्या वस्तूविषयीं पुढें लिहावयाचें आहे ती म्हणजे एका शेतकरी कुटुंबाच्या मळ्यांतलें हळद सांठविण्याचें जुनें पेंव होय. मळ्यांत अशीं दोन पेंवें आहेत. कुटुंबानें गेल्या दोन वर्षांत पदरमोड करून तीं नीट केलीं आणि आम्हांस आग्रहानें पाहावयास बोलाविलें. बोलाविणाऱ्याची स्तुति करून परत येणें हा सोपा मार्ग होता. परंतु काम इतक्या मनापासून झालेलें आहे कीं, त्याचें खरें परीक्षण न करणें हाच त्याचा अनादर झाला असता.

हरिपूर हें सांगलीपासून कोस-दीड कोसावर कृष्णा आणि वारणा यांच्या संगमाचें गांव. संगमेश्वराच्या दर्शनास येणारे येतात. नाट्यवेडे लोक गोविंद बल्लाळ देवलांचें गांव म्हणून येतात. परंतु ज्या वस्तूनें हळदीच्या व्यापाऱ्यांत या गांवाचें नांव झालें ती येणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाहीं, कारण ती त्याच्या पायांखालीं असते. १८०१ सालीं चिंतामणराव पटवर्धनांनीं सांगलीस आपलें निराळें संस्थान थाटलें. पुढें तेथें पेठ वाढली आणि हळदीचा बाजार म्हणून ती देशभर प्रसिद्ध झाली. त्या पेठेचें कोठार हरिपूरच्या जमिनींत होतें. २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां पुष्कळांनीं हळदीचें कौतुक केलें. ती जेथें वर्षानुवर्षें निजून राही त्या जागेची चौकशी फारच थोड्यांनीं केली.

पेंव हा शब्द आपल्यापाशीं आतां वाक्प्रचारापुरता उरला आहे. संमेलनांचें पेंव फुटतें, शिकवण्यांचें पेंव फुटतें, अलीकडे वारसास्थळांचेंही फुटलें आहे. हा शब्द जो तो वापरतो. फुटणारी वस्तु कशी असते हें मात्र बहुतेकांनीं पाहिलेलें नसतें. मोठी घागर गळ्यापर्यंत जमिनींत पुरावी तसा पेंवाचा आकार. तोंड अरुंद, एक माणूस खांदे चोरून उतरेल एवढें. खालीं थोडी मान. आणि मग पोट एकदम रुंदावत गेलेलें. हरिपुरांतलीं पेंवें पंधरा-वीस फुटांपासून पंचवीस-तीस फुटांपर्यंत खोल सांगतात. आंत वीट नाहीं, चुना नाहीं, दगडाचें अस्तर नाहीं. नुसती उकरलेली माती. येथली माती खोलवर घट्ट आहे, ती ढासळत नाहीं आणि ओल सहसा आंत येऊं देत नाहीं, म्हणूनच हें साधलें. काळ्या रानांत, जेथें जमीन पावसांत फुगते आणि उन्हांत भेगाळते, तेथें असलें पोट टिकणें कठीण. म्हणजे पेंव म्हणून जी वस्तु आपण पाहतों तिचा निम्मा कर्ता ती जागाच असते. उकरणाऱ्यानें फक्त जागेचा गुण ओळखलेला असतो.

भरण्याची रीत थोडक्यांत अशी. तळाशीं आणि भिंतींच्या कडेनें वाळलेलें गवत व उसाचें पाचट लावावयाचें, त्यावर चटया, आणि त्यांत उकडून वाळविलेलीं हळकुंडें व गड्डे ओतावयाचे. तोंडाशीं पुन्हां पाचट, वर फरशी, फरशीवर माती. एवढें झालें म्हणजे आंतली हवा बाहेर नाहीं आणि बाहेरची आंत नाहीं. ज्वारीच्या पेंवांत दाणा स्वतः जिवंत असतो, तो श्वास घेतो आणि बंद जागेंतला प्राणवायु संपवीत जातो. हळद उकडलेली असल्यानें तिला तो व्यापार नाहीं. परंतु तिच्याबरोबर आंत गेलेला किडा मात्र श्वास घेतो, आणि त्या कोंडलेल्या हवेंत आपल्याच श्वासानें संपतो. दिवसरात्रीच्या उष्णतेचा फेर जमिनींत दोन-तीन फुटांखालीं पोंचत नाहीं. वीस फुटांवर उन्हाळा आणि हिंवाळा यांचेंही अंतर थोडेंच उरतें. अशा रीतीनें हळद वर्षांमागून वर्षें राहते, आणि व्यापारी तर म्हणतात कीं तिचा रंग पेंवांत अधिक खुलतो.

हाच गुण जिवावरही उठतो. पेंव उघडतांच घाईनें आंत उतरलेला माणूस पुन्हां वर आला नाहीं अशी एखादी तरी गोष्ट पेंवें असलेल्या गांवांत ऐकावयास मिळतेच. कार्बन डायऑक्साइड जड असतो, तो तळाशीं बसून राहतो. म्हणून जाणता मनुष्य तोंड उघडून तासन् तास थांबतो, मग दोरीला कंदील बांधून खालीं सोडतो, आणि कंदील विझला तर कोणालाही उतरूं देत नाहीं. ज्या संग्राहकांस अशीं पेंवें पाहण्याची हौस असेल त्यांनीं हें वाक्य पुन्हां एकदां वाचावें. जुन्या दप्तराची धूळ फार तर खोकला आणते.

आतां मळ्यांतल्या पहिल्या, म्हणजे मोठ्या पेंवाकडे येऊं. त्याच्या तोंडाशीं संगमरवरी पाटी बसविली आहे, आणि तिच्यावर ‘शिवकालीन पेंव’ अशीं ठसठशीत अक्षरें आहेत. आम्हीं आधार विचारला. घरच्या वडिलांनीं प्रामाणिकपणें सांगितलें कीं, आधार कांहीं नाहीं; पाटी करणाऱ्यानें सुचविलें आणि मुलांना आवडलें. हें वाचून आमचे वाचक हंसतील. परंतु आपल्या संग्रहांतल्या किती तलवारी, किती अडकित्ते आणि किती समया याच आधारावर शिवकालीन झाल्या आहेत हें प्रत्येकानें आपल्याशीं मोजावें. उकरलेल्या मातीवर शिलालेख नसतो, घडणीची शैली नसते; ती आपला काळ आपण होऊन सांगत नाहीं. धान्य जमिनींत ठेवण्याची रीत मात्र फार जुनी आहे यांत संशय नाहीं. घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजानें १९६८ पासून १९८३ पर्यंत जें उत्खनन केलें, त्यांत ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० या सुमारच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तींतील घरांशीं धान्याचीं पेंवें निघालीं. परंतु रीत तीन हजार वर्षांची म्हणून हा खड्डा तितका जुना ठरत नाहीं, आणि शिवकालाचाही ठरत नाहीं. तो या घरच्या पणजोबांनीं उकरविला असला तरी त्याची योग्यता आमच्या दृष्टीनें तिळभर कमी होत नाहीं. पाटीवरील शब्दाचें खरें नुकसान निराळेंच आहे. एकदां ‘शिवकालीन’ म्हटलें कीं पुढें कोणी कांहीं विचारीत नाहीं.

विचारावयाचें असतें तर कोणास विचारलें असतें, हा प्रश्न येथें उभा राहतो, आणि त्याचें उत्तर देतांना आमची मान खालीं जाते.

पन्हाळ्याचा अंबारखाना सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या कोठ्यांचीं गंगा, यमुना, सरस्वती हीं नांवें शाळेंतलीं मुलेंही सांगतात. आज्ञापत्रांत रामचंद्रपंत अमात्यांनीं गडावरच्या घरांत उंदीर, विंचू, किडा, मुंगी यांस आसरा मिळेल अशी जागा राहूं देऊं नये म्हणून जी ताकीद दिली आहे ती अभ्यासकांच्या नजरेंतून सुटलेली नाहीं. राज्याच्या कोठाराची काळजी राज्याच्या कागदांत उतरली, आणि ते कागद आपण जपले. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा कीर्तनकारांनीं घरोघर नेली; पण ती कोठारें उघडणाऱ्याची कथा आहे, भरणाऱ्याची नव्हे. गांवांतल्या पेंवाची काळजी कोठें लिहिली गेली असेल, तर ती व्यापाऱ्याच्या आणि शेतकऱ्याच्या हिशेबाच्या वह्यांत. त्या वह्यांचें आपण काय केलें?

या घरांतल्या वह्यांचें काय झालें हें आम्ही सांगूं शकतों, कारण त्यांत आमचा हात आहे. २००५ च्या महापुरापूर्वीं कांहीं वर्षें आम्ही याच घरीं दप्तर पाहावयास गेलों होतों. माळ्यावरून दोन पेट्या खालीं आल्या. एकींत मोडी पत्रांचा एक रुमाल आणि दोन इनामपत्रांच्या नकला होत्या. त्या आम्हीं यजमानांच्या संमतीनें आमच्या संग्रहासाठीं आणल्या, आणि त्या सुखरूप आहेत. दुसरींत लांबट वह्या होत्या, लाल कापडाच्या बांधणीच्या. चाळून पाहिल्या तों कोणाची हळद कोणत्या पेंवांत आहे, ती पेंवांतल्या पेंवांत कोणी कोणास विकली, तिच्या तारणावर किती उचल दिली, चटया किती घेतल्या, पाचटाच्या गाड्या किती आल्या, आंत उतरणाऱ्यास काय दिलें, असल्या नोंदी. त्या दिवशींची आमची टिपणवही आमच्यापाशीं आहे. तींत आमच्याच हातचा शेरा आहे : ‘व्यापारी हिशेब. ऐतिहासिक महत्त्व नाहीं.’ पेटी पुन्हां माळ्यावर गेली. पुढें माळा दुरुस्त करतांना ती खालच्या खोलींत आली, आणि २००५ सालीं कृष्णेचें पाणी त्या खोलींत शिरलें. पाणी ओसरल्यावर वह्यांचा लगदा फावड्यानें काढावा लागला असें घरच्यांनीं आम्हांस सांगितलें. आम्हांस बोल कोणीं लावला नाहीं. तसें कोणाच्या मनांतही आलें नसावें.

आतां त्याच घरचा मुलगा आम्हांस विचारतो : पेंव नीट करावयाचें, तर पूर्वीं आंत कशाचें अस्तर होतें, किती जाडीचें, दर वर्षीं बदलीत कीं नाहीं, आंतून मातीचा हात फिरवीत कीं नाहीं? या प्रत्येक प्रश्नाचें उत्तर चटयांच्या, पाचटाच्या आणि मजुरीच्या त्या नोंदींत होतें. आम्हीं जीं पत्रें वांचविलीं त्यांत एका वतनाच्या तंट्याची हकीकत आहे; ती छापलीही आहे; तिच्यावांचून इतिहासाचें अडलें असतें असें आतां प्रतिज्ञेवर सांगण्यास आम्ही तयार नाहीं.

आधार नसल्यामुळें कुटुंबानें मोठ्या पेंवाचें काम एका ठेकेदारावर सोंपविलें, आणि ठेकेदारानें त्याला येत होतें तें केलें. आंतून तळापासून मानेपर्यंत सिमेंटचा गिलावा दिला. तोंडाभोंवतीं चकचकीत फरशा बसविल्या. उतरण्यास लोखंडी शिडी, तळाशीं विजेचा दिवा, आणि पाहणाऱ्यांस गुदमरूं नये म्हणून बाजूनें हवेची नळी. काम स्वच्छ आहे, पैसा प्रामाणिकपणें लागला आहे, आणि पेंवाची आकृति आतां लख्ख दिसते. लहान मुलांस घागरीचा आकार समजावून सांगावयाचा तर याहून चांगलें साधन नाहीं, एवढें श्रेय आम्ही देतों. हवेची नळी तर माणसांच्या जिवासाठीं आहे; तिला नांवें ठेवणार नाहीं.

पण हें पेंव उरलें नाहीं. ज्याला हवेची नळी आहे तें पेंव नव्हे, तें तळघर होय. गिलाव्याखालीं काय गेलें तेंही पाहावें. घरच्यांपाशीं काम सुरू होण्यापूर्वींचीं कांहीं छायाचित्रें आहेत. त्यांत भिंतींवर तिरप्या, आंखूड, एकाच बाजूस झुकलेल्या अशा घावांच्या ओळी दिसतात. उकरणारा वरून खालीं येतांना एका अंगानें वळत गेला, आणि पोट रुंदावलें तसा त्याचा घाव लांब होत गेला, हें त्या ओळींवरून वाचतां येतें. मानेपाशीं दोरांनीं पडलेल्या चार-पांच खांचा होत्या, बोट बसेल एवढ्या खोल. किती पोतीं वरखालीं गेलीं म्हणजे दोराची खांच मातींत बोटभर पडते, हें कोणास सांगतां येणार नाहीं. पण त्या पेंवाच्या वयाचा जो एकुलता एक लेख होता तो हाच. त्यावर गिलावा चढवून शेजारीं संगमरवरावर ‘शिवकालीन’ हीं अक्षरें कोरलीं. हस्तलिखिताच्या पानावर पांढरा रंग देऊन वर सुंदर अक्षरांत ‘प्राचीन हस्तलिखित’ असें लिहावें, त्यांतलीच ही गत. आमचे वाचक पोथ्या बाळगणारे आहेत, त्यांस याहून अधिक सांगावयास नको.

गिलाव्याचें काम चालू असतां गांवांतला एक वृद्ध हमाल तेथें येऊन बसत असे. त्यानें तारुण्यांत वीस-बावीस वर्षें पेंवांत उतरून काम केलेलें. त्याला कोणीं बोलाविलें नव्हतें, आणि तो बोलला तेव्हां कोणीं ऐकलें नाहीं. आम्ही गेलों त्या दिवशीं तो होता. आम्हीं विचारलें, “मामा, या गिलाव्यांत वाईट तें काय?” तो म्हणाला, “सायब, शिमिटाला घाम सुटतोय. मातीला सुटत न्हाई.”

पदार्थविज्ञानाचा एक परिच्छेद त्यानें या दोन वाक्यांत संपविला. गार, कठीण, न शोषणाऱ्या पृष्ठावर हवेंतली वाफ थेंब होऊन बसते. माती आणि तिच्या आड लावलेलें पाचट ती टिपून घेतें आणि हळद कोरडी राहते. मोठ्या पेंवाच्या तळाशीं त्या दिवशींही भिंतीवर हात फिरविला तर बोटें ओलीं होत होतीं. तेथें आतां हळकुंडाचें एक पोतें ठेवलें तर पावसाळ्याअखेर त्याला बुरशी येईल अशी भीति घरच्यांसच वाटते, म्हणून त्यांनीं तेथें रिकाम्या मातीच्या कुंड्या मांडून ठेवल्या आहेत.

दुसरें पेंव लहान. मोठें व्यापाऱ्यांच्या मालाचें, तर हें घरच्या हळदीचें, असें घरांत सांगतात. ठेकेदाराचें अंदाजपत्रक मोठ्यांतच संपल्यामुळें हें वांचलें. आणि धाकट्या मुलानें, केवळ पैसे नव्हते म्हणून, त्या हमालास विचारून तें स्वतः साफ केलें. आमच्या मतें या मळ्यांतला खरा जीर्णोद्धार हा आहे. प्रथम दोन दिवस तोंड उघडें ठेवून कंदिलाची परीक्षा केली. मग पुराचा गाळ टोपल्यांनीं वर काढला. गाळ कोठें संपतो आणि मूळची भिंत कोठें लागते हें हमालानें वरूनच, टोपलींत आलेली माती बोटांत चुरून, सांगितलें. भिंत खरवडूं दिली नाहीं. एका बाजूस पुराच्या पाण्यानें जो पापुद्रा सुटला होता तेथें त्याच शिवारांतली माती मळून, पातळ थरांनीं, प्रत्येक थर वाळूं देऊन भरली. मग तळाशीं पाचट पेटवून धग दिली, आणि निखारे काढून पुन्हां तोंड उघडें ठेवलें. या कामास सहा महिने लागले. मोठ्याचें काम तीन आठवड्यांत झालें होतें.

पेंव भरण्याजोगें वाळलें हें कसें ओळखावें, असें आम्हीं त्यास विचारलें. तो म्हणाला, “हात लावायचा न्हाई. हाताला घाम असतोय. अंगरखा काढायचा आन् पाठ टेकवून बसायचं. पाठीला गार लागलं तर चालतंय, वलं लागलं तर न्हाई.” ही परीक्षा कोणत्याही वहींत लिहिलेली असणें शक्य नव्हतें. आमच्या हातून गेलेल्या वह्यांतही ती नव्हती. त्यांत फक्त त्याच्यासारख्या कोणास दिलेल्या मजुरीचा आंकडा होता. वह्या असत्या तर त्या आंकड्याशेजारीं त्याचें सांगणें ठेवतां आलें असतें, आणि दोहोंनीं एकमेकांस तपासलें असतें. आतां एकाच साक्षीवर भागवावें लागत आहे. तो साक्षीदार ऐशीच्या पुढें आहे. आम्हीं त्याचें सांगणें दोन बैठकींत उतरून घेतलें, त्याच्याच शब्दांत, आणि घरच्यांपाशीं एक प्रत ठेवली.

एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, आणि तो लहान नाहीं. २००५ सालीं हरिपूरच्या पुष्कळ पेंवांत पाणी शिरलें, आंतली हळद गेली, आणि व्यापाऱ्यांचा पेंवांवरील विश्वास उडाला. २०१९ च्या ऑगस्टांत पुन्हां तसाच पूर आला. हळद आतां गोदामांत आणि शीतगृहांत ठेवतात, तिला विमा मिळतो, आणि ती हवी तेव्हां पाहतां येते. अशा स्थितींत पेंव पुन्हां भरण्याचा हट्ट म्हणजे हौस नव्हे काय? व्यापारापुरतें उत्तर होकारार्थीच दिलें पाहिजे. शेतकऱ्यास आपलें वर्षाचें उत्पन्न नदीच्या भरंवशावर ठेवण्यास सांगणारा संशोधक आम्हांस पसंत नाहीं. परंतु या कुटुंबानें तसें केलेलें नाहीं. गेलें तर सोसेल एवढीच घरची हळद त्यांनीं लहान पेंवांत घातली आहे. अर्धें पेंव भरूं नये, आंत मोकळी हवा राहते, असें हमालानें बजावल्यामुळें गड्डे आणि हळकुंडें मिळून तें मानेपर्यंत भरलें. त्यासाठीं शेजारच्या दोन घरांनीं आपलीं कांहीं पोतीं दिलीं. तीं देतांना त्यांनीं लेखी कांहीं मागितलें नाहीं, पण धाकट्या मुलानें एक नवी वही घालून त्यांत कोणाचीं किती पोतीं, पाचटाच्या गाड्या किती, चटया किती, आंत उतरणाऱ्यास काय दिलें, हें सर्व लिहिलें आहे. वही साध्या दुकानांतली, पट्ट्यापट्ट्यांच्या पुठ्ठ्याची आहे. ती आम्हीं मागितली नाहीं. ती त्या पेंवाजवळच राहिली पाहिजे. फक्त तिचीं छायाचित्रें घेतलीं आहेत, आणि ती माळ्यावर ठेवावी एवढी विनंति केली आहे.

पेंवाचा आस्वाद कसा घ्यावा असें कोणी विचारील. चित्र पाहावें तसें तें पाहतां येत नाहीं. रिकामें असतां आंत उतरावें तर बाहेरचा सगळा आवाज एकदम तुटतो. आपलाच श्वास मोठा ऐकूं येतो. मातीला, पाचटाला आणि फार जुन्या हळदीला मिळून एक वास असतो. वर पाहावें तर आकाश ताटलीएवढें. हें सर्व खरें, आणि मोठ्या पेंवांत दिव्याच्या उजेडांत यांतलें फारसें कांहीं उरलेलें नाहीं. परंतु लहान पेंव आम्हीं पाहिलें तें भरलेलें. त्या जागीं पाहण्यासारखें कांहीं नव्हतें. थोडी उंचवट्याची माती, तिच्यावर शेणाचा हात, आणि कुत्र्यांनीं उकरूं नये म्हणून ठेवलेल्या चार बाभळीच्या फांद्या. घरच्या बाई म्हणाल्या, “पाव्हण्यांना दाखवायला ह्यात काय न्हाई बघा.” आम्हांस तेथें मोठ्या पेंवापाशीं उभे राहिलों त्याहून दुप्पट वेळ उभें राहावेंसें वाटलें.

मोठ्या पेंवाचा गिलावा काढावा काय, असा सल्ला आम्हांस विचारण्यात आला. आमचें मत : सध्यां काढूं नये. सिमेंट काढतांना त्याच्यामागची माती सोलून येईल, आणि ज्या घावांसाठीं तो काढावयाचा तेच त्याच्याबरोबर जातील. कामापूर्वींचीं छायाचित्रें मात्र मोठीं करून, मापें लिहून, त्याच ठिकाणीं लावावीं. ज्या कोणांपाशीं सांगलीच्या पेठेंतील हळदीच्या जुन्या वह्या असतील, मग त्या कितीही नीरस दिसोत, त्यांनीं त्या टाकूं नयेत आणि आमच्याकडे पाठविण्याचीही घाई करूं नये. आम्ही येऊन पाहूं.

लहान पेंव चैत्रांत बंद केलें. पावसाळा उलटून गेल्यावर, दसऱ्याच्या पुढें, तें उघडावयाचें ठरलें आहे. कडेची किती हळद काळवंडली आणि मधली कशी राहिली याचें वजन त्या वेळीं आमच्यासमोर करण्याचें घरच्यांनीं कबूल केलें आहे. हमालमामांनींही येण्याचें मान्य केलें, मात्र आपण आंत उतरणार नाहीं, वरूनच सांगूं, अशी अट घातली. तोंवर मोठ्या पेंवावरची पाटी तेवढी उतरली तरी पुरे आहे.